वाचक विचारतात : गायिका शेर अभिनेत्री कशी झाली?

गेल्या अंकात बोटीवरच्या नोकरीतील करमणुकीविषयी एक लेख आला होता. त्यात शेर या अमेरिकी पॉप गायिकेचा एका ओळीत उल्लेख होता. त्या ओळीवर गुहागरपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या वाचकांनी पत्रे पाठवली असून बहुतेकांचा रोख तिच्या गाण्यापेक्षा अभिनयावर आहे. म्हणून या वेळचे सदर तिच्यासाठीच ठेवले आहे.

प्रश्न : सत्तरच्या दशकात मी बोटीवर इंजिनरूममध्ये नोकरीला होतो. आमच्या केबिनमध्ये सनी आणि शेर या जोडीची कॅसेट सतत वाजत असे. यंदा मे महिन्यात मुंबईहून आलेल्या नातीने लॅपटॉपवर ‘मूनस्ट्रक’ हा इंग्रजी चित्रपट दाखवला. त्यातील नायिकेचे नाव शेर असून तिला ऑस्कर मिळाले आहे, असे ती म्हणाली. ही तीच का? आणि गाणे सोडून ती अभिनयाकडे का वळली? (एक निवृत्त जहाजी, गुहागर)

उत्तर : होय, आपण केबिनमध्ये ऐकत होता तीच ही शेर. ‘मूनस्ट्रक’साठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले, ते ११ एप्रिल १९८८ रोजी झालेल्या समारंभात. गाणे मात्र तिने कधीच सोडले नाही. शिवाय ती अभिनयाकडे ‘वळली’ असे म्हणणेही मला पटत नाही, कारण अभिनयाची वाट तिने गाण्याच्या आधी धरली होती.

शेरिलिन सार्किसियन हे तिचे मूळ नाव. २० मे १९४६ रोजी कॅलिफोर्नियातील एल सेंट्रो या गावी तिचा जन्म झाला. वडील आर्मेनियन वंशाचे ट्रकचालक होते आणि जुगार व अमली पदार्थ यांच्या नादी लागलेले होते. मुलगी वर्षाचीही झाली नव्हती तेव्हाच आईवडील विभक्त झाले. आई जॉर्जिया होल्ट गात असे, चित्रपटांत किरकोळ कामेही करीत असे, पण त्यावर घर चालत नव्हते, आणि तान्ह्या मुलीला काही काळ अनाथालयात ठेवण्याची पाळी तिच्यावर आली. अशा घरातील ही मुलगी सोळाव्या वर्षी शाळा सोडून लॉस एंजेलिसला आली आणि लहानसहान क्लबांत नाचून पोट भरता भरता अभिनयाचे वर्ग करू लागली. त्याच वर्षी, म्हणजे १९६२ मध्ये, तिची सनी बोनोशी गाठ पडली. तो तिच्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा होता आणि फिल स्पेक्टर या नामांकित संगीत निर्मात्याकडे पडेल ते काम करीत होता. त्याच्या ओळखीने तिला गोल्ड स्टार स्टुडिओत मागून साथ देणाऱ्या गायिकांमध्ये जागा मिळाली. आवाज खर्जाकडे झुकणारा आणि जाड असल्यामुळे १९६४ मध्ये टोपणनावाने निघालेली तिची पहिली एकल ध्वनिमुद्रिका काही रेडिओ केंद्रांनी हा पुरुषाचा आवाज आहे असे समजून वाजवलीच नाही. पुढच्याच वर्षी, १९६५ च्या ऑगस्टमध्ये, या जोडीचे ‘आय गॉट यू बेब’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. आपल्या कॅसेटवर हे गाणे नक्कीच असणार.

सनीने तिला घेऊन दोन चित्रपटही काढले, एक १९६७ मध्ये आणि दुसरा १९६९ मध्ये. दोन्ही साफ पडले. कर थकला, तरुण श्रोते रॉक संगीताकडे गेले, आणि हे जोडपे नाइट क्लबांतून कार्यक्रम करू लागले. तिथे गाण्यांच्या मध्ये दोघांची जी थट्टामस्करी चाले, तिच्या जोरावर १९७१ मध्ये सीबीएस वाहिनीवर त्यांचा साप्ताहिक कार्यक्रम सुरू झाला. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने हा कार्यक्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यात शेर गाणे म्हणत असे, आणि त्याबरोबर दर आठवड्याला छोट्या प्रहसनांतून वेगवेगळ्या बायका रंगवत असे. लोकांनी लक्षात ठेवला तो बॉब मॅकी या वेशभूषाकाराने शिवलेला तिचा झगमगाट. विनोदाची वेळ साधणे, समोरच्याचे वाक्य ऐकून मग बोलणे, चेहरा थोडक्यात बदलणे, ही तालीम मात्र त्या झगमगाटाआड वर्षानुवर्षे चालू होती आणि तिच्याकडे अभिनय म्हणून कुणी पाहत नव्हते.

त्यानंतरचा तिचा निर्णय मला सर्वांत धाडसाचा वाटतो. १९७९ पासून लास वेगासच्या सीझर्स पॅलेसमध्ये तिचे कार्यक्रम होत होते आणि त्यातून तिला आठवड्याला लाखो डॉलर मिळत होते. ती कमाई बाजूला ठेवून ती न्यूयॉर्कला गेली. १९८२ मध्ये रॉबर्ट ऑल्टमन यांनी दिग्दर्शित केलेल्या एका ब्रॉडवे नाटकात तिने भूमिका घेतली. नाटक फार दिवस चालले नाही आणि त्याच्या वाट्याला फारशी स्तुतीही आली नाही, पण ऑल्टमन यांनी त्याच वर्षी त्याच कलावंतांना घेऊन त्याचा चित्रपट केला. त्याहून मोठी गोष्ट अशी घडली की, नाटकाचा एक दुपारचा प्रयोग पाहून दिग्दर्शक माइक निकोल्स रंगपटात आले आणि मेरिल स्ट्रीपसोबतच्या ‘सिल्कवुड’ या चित्रपटात काम करण्याविषयी त्यांनी तिला विचारले.

‘सिल्कवुड’ची कथा खरी आहे. ओक्लाहोमातील प्लुटोनियमच्या कारखान्यातील कामगार कॅरन सिल्कवुड हिने तिथल्या निष्काळजीपणाविरुद्ध आवाज उठवला आणि १९७४ मध्ये मोटार अपघातात तिचा मृत्यू झाला. शेरने तिच्या घरात राहणाऱ्या मैत्रिणीचे, डॉलीचे, काम केले. डॉली समलिंगी आहे, मितभाषी आहे, कॅरनवर तिचे मूक प्रेम आहे. मेकअप नाही, केस विस्कटलेले, अंगात ढगळ कपडे. चित्रपट १९८३ च्या डिसेंबरात लागला, पण त्याआधी एका चित्रपटगृहात त्याची झलक दाखवली गेली. शेर बहिणीबरोबर ती पाहायला गेली होती. पडद्यावर तिचे नाव उमटले आणि सारे प्रेक्षागृह हसले. हा प्रसंग तिने स्वतः पुढे अनेकदा सांगितला आहे. त्याच भूमिकेसाठी तिला गोल्डन ग्लोब पुरस्कार मिळाला आणि सहायक अभिनेत्री म्हणून ऑस्करचे नामांकनही मिळाले.

१९८५ च्या ‘मास्क’मध्ये चेहऱ्याच्या हाडांच्या दुर्धर विकाराने ग्रासलेल्या मुलाच्या आईचे काम तिने केले. त्यासाठी फ्रान्समधील कान चित्रपट महोत्सवात तिला अभिनेत्रीचा पुरस्कार विभागून मिळाला, पण ऑस्करसाठी साधे नामांकनही झाले नाही. १९८६ च्या ऑस्कर समारंभात ती पारितोषिक देण्यासाठी आली, तेव्हा डोक्यावर काळ्या पिसांचा भलामोठा मुकुट आणि अंगात मॅकीने केलेला पोट उघडे ठेवणारा पोशाख होता. गंभीर अभिनेत्रीने कसे कपडे घालावेत याची ऑस्कर देणाऱ्या अकादमीची पुस्तिका मला मिळाली आहे, अशा अर्थाचे काहीतरी ती मंचावरून बोलली. पुढे १९८७ या एकाच वर्षात तिचे तीन चित्रपट आले. त्यांतला शेवटचा ‘मूनस्ट्रक’.

तो आपण पाहिलाच आहे, तेव्हा त्यातील दोन जागा पुन्हा लावून पाहा. लोरेटा ही ब्रुकलिनमधील इटालियन घरातील विधवा, हिशेबनिसाचे काम करणारी. होणाऱ्या नवऱ्याचा धाकटा भाऊ, म्हणजे निकोलस केज, तिच्यावर प्रेम असल्याचे सांगतो तेव्हा ती त्याला थप्पड मारते. त्या थपडेने काही फरक पडला का हे क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर शोधते, आणि मग दुसरी, पहिलीपेक्षा जोरात मारते. या दोन थपडांमधल्या क्षणात तिचा राग, भीती आणि ओढ हे तिन्ही दिसते. दुसरी जागा ऑपेराच्या दुसऱ्या दिवशी सकाळची. लोरेटा रात्रीच्याच कपड्यांत आणि लाल बुटांत घरी परतते आहे आणि रस्त्यात पडलेला एक रिकामा डबा पायाने उडवत चालली आहे. संवाद नाही, गाणे नाही. जिची सारी ओळख आवाजावर उभी होती, ती बाई इथे नुसत्या चालण्यातून सगळे सांगते.

प्रश्न : शेरला तिच्या नवऱ्याने घडवले, असे आमच्या महाविद्यालयात एका व्याख्यानात ऐकले. हे कितपत खरे आहे? (एक विद्यार्थिनी, कुडाळ)

उत्तर : अर्धे खरे आहे, आणि ते मान्य करण्यात तिला स्वतःलाही कमीपणा वाटलेला नाही. ‘आय गॉट यू बेब’ सनीनेच लिहिले. सुरुवातीला मंचावर एकटीने उभे राहायला ती घाबरत असे, आणि जोडीने गाण्याची प्रथा त्यातूनच पडली. ध्वनिमुद्रणाच्या कंपन्या, वृत्तपत्रे, दूरचित्रवाणी यांची दारे ठोठावण्याची चिकाटी सनीकडे होती.

उरलेले अर्धे मात्र त्या व्याख्यानात यायला हवे होते. दोघांच्या कमाईसाठी जी कंपनी काढली होती तिचे नाव तिच्यावरून ठेवले होते, पण तिच्यातील ९५ टक्के हिस्सा सनीच्या नावे होता, उरलेला ५ टक्के वकिलाच्या नावे होता, आणि शेर कागदोपत्री नोकर होती. हे तिच्या ध्यानात आले तोवर ती देशातील सर्वांत ओळखीच्या चेहऱ्यांपैकी एक झाली होती. १९७५ मध्ये घटस्फोट झाला. १९७१, १९७३ आणि १९७४ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेली तिची तीन एकल गाणी सनीने लिहिलेली नव्हती. अभिनयातील तिची सगळी नावाजलेली कामे तर घटस्फोटानंतरची आहेत. सनीने काढलेले दोन चित्रपट पडले आणि पुढे तिच्या एकटीच्या निवडीने आलेल्या भूमिकांना कान महोत्सवाचा पुरस्कार आणि ऑस्कर मिळाले, एवढे पाहिले तरी पुरे.

सनीविषयी कटुता धरण्याचे मात्र कारण नाही. तो १९८८ मध्ये पाम स्प्रिंग्जचा महापौर झाला, पुढे अमेरिकी प्रतिनिधीगृहात निवडून गेला आणि ५ जानेवारी १९९८ रोजी बर्फावर स्कीइंग करताना झाडावर आदळून मरण पावला. अंत्यसंस्काराच्या वेळी शेरने त्याच्याविषयी जे भाषण केले, ते बोलताना तिला रडू आवरत नव्हते.

प्रश्न : आमच्याकडे दशावतारात जो गातो तोच बोलतो, तोच नाचतो. मग गाणाऱ्या माणसाने अभिनय केला, याचे एवढे अप्रूप त्यांना का वाटावे? (एक दशावतारी कलावंत, वेंगुर्ले)

उत्तर : आपला प्रश्न मला फार मोलाचा वाटला, कारण तो विचारण्याचा अधिकार आपल्याइतका कुणालाच नाही. दशावतारात लिखित संहिता नसते. संध्याकाळी आख्यान ठरते, पात्रे वाटली जातात, आणि राजपार्ट असो की स्त्रीपार्ट, प्रत्येकाने आपले संवाद आणि पदे पेटी-पखवाजाच्या साथीने रात्रभर उभी करायची असतात. गळा आणि अभिनय यांची तिथे वेगळी खाती नाहीत. मराठी संगीत नाटकातही तसेच होते. बालगंधर्व आणि दीनानाथ मंगेशकर हे गायक-नट होते, आणि त्यात काही नवल आहे असे कुणाला वाटले नाही.

पण संगीत नाटकातील प्रेक्षक वन्समोअर देई तो पदाला. पद सुरू झाले की कथानक थांबे, आणि नट त्या वेळेपुरता गवई होई. हे त्या रंगभूमीचे वैभवच होते. कॅमेरा मात्र ती सोय देत नाही. बालगंधर्वांनी १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त संत एकनाथांची भूमिका केली. रंगभूमीवर ज्यांच्यासाठी महाराष्ट्र वेडा झाला होता, त्यांना पडद्यावर तो मान मिळाला नाही. यात त्यांच्या प्रतिभेचा दोष नाही. दूरच्या रांगेपर्यंत पोहोचण्यासाठी घडवलेली अदा जवळून पाहिली की जास्त वाटते, एवढाच त्याचा अर्थ.

पॉप गायिकेची अडचण याच्याही पुढची आहे. दशावतारी कलावंत आज राजा असतो, उद्या राक्षस असतो, आणि गावकरी त्याला त्या रात्रीच्या पात्राच्या नावाने पाहतात. पॉप गायिका मात्र दर कार्यक्रमात स्वतःच असते. तिचे केस, कपडे, हातवारे, प्रेमभंग, सगळे मिळून एकच पात्र तयार होते, आणि ते पात्र वर्षानुवर्षे लोकांच्या मनात पक्के होत जाते. ते पुसल्याशिवाय दुसरे पात्र दिसत नाही. चित्रपटगृहातील लोक हसले ते याचमुळे. डॉलीच्या भूमिकेसाठी शेरने आपले हुकमी बळ, म्हणजे आवाज आणि थाट, दोन्ही घरी ठेवले. माझ्या मते तिचे यश तिने काय केले यापेक्षा काय वापरायचे नाकारले यात आहे. आपल्याकडील एखादा नावाजलेला राजपार्टी नट एक दिवस मुकुट उतरवून, एकही पद न म्हणता, दोन तास नुसता गड्याच्या भूमिकेत उभा राहिला तर प्रेक्षक काय म्हणतील, याचा अंदाज आपण माझ्यापेक्षा चांगला करू शकाल.

प्रश्न : शेरला वाचनाची अडचण होती असे ऐकले. मग ती संवाद कसे पाठ करीत असे? माझ्या वर्गात असा एक मुलगा आहे. (एक शिक्षिका, देवगड)

उत्तर : तिला डिस्लेक्सिया आहे. शाळेत असताना हे कुणाच्याच लक्षात आले नाही. हुशार असून अभ्यास करीत नाही, असा शेरा तेवढा मिळत राहिला. वयाच्या तिशीच्या आसपास स्वतःच्या अपत्याला शाळेत तशीच अडचण येऊ लागली आणि तपासणी झाली, तेव्हा तिला आपल्याही अडचणीचे नाव कळले. शाळेत जे काही शिकले ते बहुतेक सारे ऐकून शिकले, असे तिने सांगितले आहे. ऐकून धरण्याची ही सवय गायिकेला उपयोगी पडते आणि नटीलाही, कारण समोरच्याचे वाक्य खरोखर ऐकणे हे अभिनयातील निम्मे काम आहे.

आपल्या वर्गातील मुलाला धडा मोठ्याने वाचून दाखवणारा सोबती द्या, तोंडी उत्तरे घ्या, आणि पालकांना विशेषज्ञाकडून तपासणी करून घ्यायला सांगा. अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र मिळाल्यास दहावी-बारावीच्या बोर्ड परीक्षेत त्याला जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. स्नेहसंमेलनाच्या नाटकातून मात्र त्याला वाचता येत नाही म्हणून वगळू नका.

प्रश्न : ऑस्करनंतर तिचे चित्रपट इतके कमी का? आणि ‘बिलीव्ह’ गाण्यातील तो यंत्रासारखा आवाज कसा काढला? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : १९९० च्या ‘मर्मेड्स’नंतर दीर्घ थकव्याच्या आजाराने तिला ग्रासले. मोठी चित्रीकरणे झेपेनात, म्हणून तिने केसांच्या प्रसाधनांच्या लांबलचक दूरचित्रवाणी जाहिराती केल्या, आणि त्यांनी अभिनेत्री म्हणून कमावलेली तिची पत बरीच खाली आणली. याचे मला आजही वाईट वाटते. त्यानंतर १९९९ मध्ये फ्रँको झेफिरेली या दिग्दर्शकाचा चित्रपट, २०१० मध्ये ‘बर्लेस्क’ आणि २०१८ मध्ये ‘मम्मा मिया’चा दुसरा भाग, अशी मोजकीच कामे झाली.

‘बिलीव्ह’ १९९८ मध्ये आले आणि पुढच्या मार्चमध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. तेव्हा ती ५२ वर्षांची होती. सूर किंचित सुधारण्यासाठी ऑटो-ट्यून नावाची संगणक प्रणाली नुकतीच निघाली होती. निर्मात्यांनी तिची गती इतकी वाढवली की एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधली मींड नाहीशी होऊन आवाज तुटक उडी मारू लागला. ही युक्ती गुप्त राहावी म्हणून सुरुवातीला त्यांनी दुसऱ्याच यंत्राचे नाव सांगितले. ज्या अँडी हिल्डब्रँड यांनी ही प्रणाली तयार केली, ते आधी तेलसाठे शोधण्यासाठी भूकंपलहरींचे विश्लेषण करीत होते.

प्रश्न : माझी मुलगी गणपतीत आणि शिमग्यात ऑर्केस्ट्रात गाते. यूट्यूबवरील गाण्यांमुळे तिला मुंबईहून एका मालिकेत गायिकेचीच भूमिका देऊ केली आहे. तिने ती घ्यावी का? (एक पालक, चिपळूण)

उत्तर : घ्यावी, पण डोळे उघडे ठेवून. पहिलीच भूमिका गायिकेची असली की प्रेक्षक आणि निर्माते दोघेही तिच्याकडून पुढे तेच मागतील. म्हणून होकार देण्याआधी संपूर्ण भूमिकेचा आराखडा मागा, आणि ती ज्या प्रसंगांत गात नाही असे प्रसंग किती आहेत ते पाहा. तसे प्रसंग जवळपास नसतील तर त्यांना तिचा गळा हवा आहे, अभिनय नव्हे. तशा वेळी तिने पार्श्वगायनाचे मानधन वेगळे मागावे. चिपळुणातच एखाद्या हौशी नाट्यसंस्थेत राज्य नाट्यस्पर्धेच्या तालमी चालू असतील तर तिला तिथे बिनगाण्याची छोटी भूमिका करू द्या. महिना-दोन महिन्यांत तिला स्वतःलाच कळेल की हे काम तिला आवडते की नाही.

करारावर मात्र मुलीचीच सही असू द्या, आणि पैसे तिच्याच खात्यात येऊ द्या. एखादा हितचिंतक तिच्या नावाने कंपनी काढतो म्हणाला तर हिस्सा कुणाच्या नावे आहे ते आधी पाहा. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर गायकाला आपल्या सादरीकरणाच्या व्यावसायिक वापरातून रॉयल्टी मिळण्याचा हक्क आहे. मालिकेतील गाणी वेगळी विकली जातील की नाही, आणि यूट्यूबवरील तिच्या जुन्या गाण्यांवर निर्मात्याने हक्क सांगितला आहे का, ही दोन कलमे वकिलाकडून वाचून घेतल्याशिवाय सही करू नका.